ग्रेसचे मार्क

शंभरपैकी ४९.

दहावीला एवढे पडले तर आपल्याकडे घरात दोन दिवस तोंडं वाकडी होतात. मग आई म्हणते, ‘जाऊ दे, सेकंड क्लास तरी आला,’ आणि पेढ्यांऐवजी जिलबीवर भागतं. ३५ ला पास, ४५ ला सेकंड क्लास, हे गणित आपल्या हाडात मुरलंय. व्हिडिओ गेमवाल्यांचं बोर्ड मात्र भलतंच खडूस. मेटाक्रिटिक नावाची साइट जगभरच्या समीक्षकांनी दिलेले मार्क गोळा करते आणि त्यांची सरासरी काढते. ७५ आणि वर हिरवा रंग, ५० ते ७४ पिवळा आणि त्याखाली लाल. म्हणजे ४९ ला लाल. गेला बिचारा एका मार्काने!

तर मंडळी, आजच्या कॉलमचा हीरो हा लाल शेऱ्याचा विद्यार्थी. नाव ‘जस्ट डान्स’. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा गेम, निन्टेन्डोच्या ‘वी’ नावाच्या डबीसाठी नोव्हेंबर २००९ मध्ये आला. फंडा एकदम सोपा. टीव्हीवर एक रंगीबेरंगी माणूस नाचतो, आपण उजव्या हातात रिमोट धरून आरशात बघितल्यासारखं त्याच्याबरोबर नाचायचं. हात वेळेवर आणि बरोबर हलला तर मार्क, नाही तर भोपळा. बटणांची कसरत नाही, पायाखाली चटई नाही. ३२ गाणी.

समीक्षकांनी धुतला हो त्याला. पार खुंटीला टांगला. आणि का धुतला ते कळायला त्या रिमोटच्या पोटात डोकवावं लागेल. आत ॲक्सेलरोमीटर नावाची चिप असते. हात किती झटक्यात हलला आणि कुठल्या बाजूला, एवढंच तिला कळतं. हात खांद्याच्या वर आहे की मांडीवर, हे कळत नाही. पाय, कंबर, मान यांच्याबद्दल तर तिला काडीची माहिती नाही. म्हणजे पडद्यावरचा माणूस गिरकी घेतोय, तुम्ही सोफ्यावर लोळत वेफर्स खाताय आणि ठेक्यात नुसतं मनगट झटकताय, तरी गेम म्हणणार, ‘गुड!’ उलट कोणी जीव तोडून, घाम गाळून नाचला आणि मनगट जरा चुकलं, तर फुली. समीक्षकांचं म्हणणं होतं की मार्क देण्यात काही तर्कच नाही. शिवाय गेमला खोली नाही. पुढची पातळी नाही, मेहनत करून उघडायचं काही नाही, नुसती गाणी लावा आणि नाचा.

यातला एकही मुद्दा खोटा नाही. मी स्वतः शपथेवर सांगतो, कारण माझा धंदाच तो आहे. अंधेरीला सॉफ्टवेअर टेस्टर. वसईहून लोकलला लोंबकळत जायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी विरार फास्टमध्ये चेंगरून परत यायचं. २०१० च्या दिवाळीत दुबईचा मावसभाऊ ‘वी’ घेऊन येणार होता, तेव्हा मी त्याला फोनवर बजावलं होतं, ‘ते जस्ट डान्स आणू नकोस रे, ४९ आहे त्याला.’ तो म्हणाला, ‘वहिनीने आधीच सांगून ठेवलंय.’ वहिनी म्हणजे माझी बायको. विषय संपला.

तर दिवाळीत तो डबा आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या वन बीएचकेत दाखल झाला. वसई-विरार महापालिका स्थापन होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं आणि पालघर जिल्हा जन्मायला अजून चार वर्षं होती. आम्ही तेव्हा ठाणे जिल्ह्याचे, राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ही लिफ्ट नसल्याची गोष्ट लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबांना स्ट्रोक आला होता.

सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. ज्याला होतो त्याला विचारा सौम्य म्हणजे काय. बोलणं दोन महिन्यांत बरंचसं ताळ्यावर आलं, पाय थोडा ओढत का होईना चालायला लागला, पण उजवा हात रुसून बसला. पोटापर्यंत यायचा, पुढे नाही. मूठ धड वळायची नाही. फिजिओथेरपिस्ट यायचे, व्यायाम सांगून जायचे. ते गेले की बाबा भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

बाबा गणिताचे मास्तर. ३० वर्षं शाळेत आणि त्यातली बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासनीस. मार्च-एप्रिलमध्ये घरात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यायचे आणि आमच्या घरात संचारबंदी लागायची. बाबांची ख्याती अशी, की अर्धा मार्क त्यांच्या हातून चुकून सुटायचा नाही. ‘ग्रेस द्यायचं काम बोर्डाचं,’ ते म्हणायचे, ‘माझं काम तपासायचं.’ दुसऱ्यांचे पेपर लाल पेनाने तपासण्यात आयुष्य गेलेला हा माणूस. त्याच उजव्या हाताने. आता त्या हाताला रोज सकाळी फिजिओ म्हणणार, ‘काका, उचला, अजून थोडं, शाब्बास,’ आणि आपण नापास होतोय हे या माणसाला कोणी सांगायची गरजच नव्हती.

पाडव्याच्या दिवशी दुपारी घरात सगळी जमलेली. बहीण, भाऊजी, नऊ वर्षांची भाची, मावसभाऊ, समोरच्या दारातली आंटी आणि तिची दोन पोरं. एव्हरशाईनमध्ये नवरात्र नुकती आटोपलेली, त्यामुळे आंटीच्या अंगात गरबा अजून शिल्लक होता. सेंटर टेबल उचलून बेडरूममध्ये, चपला गॅलरीत आणि हॉलमध्ये धिंगाणा. आंटीने प्रत्येक गाण्यावर, इंग्रजी असो की आणखी काही, दोन टाळी केला. गेमने तिलाही मार्क दिले. मी लगेच टेस्टरच्या थाटात सगळ्यांना प्रात्यक्षिक दाखवलं. दिवाणावर आडवा झालो, मनगट हलवलं, भाचीपेक्षा जास्त मार्क मिळवले. ‘बघा! बग!’ मी म्हटलं.

भाची चिडली. ती भरतनाट्यमच्या क्लासला जाते, ताल म्हणजे काय हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं. ‘मामा काहीच करत नाहीये तरी त्याला मार्क! हे खोटं आहे!’ पोरगी बरोबर होती. तिचं म्हणणं आणि मेटाक्रिटिकवाल्यांचं म्हणणं सेम टू सेम.

तेवढ्यात आतून आवाज आला. ‘बसून खेळता येतं का ते?’

बाबा दारात उभे. किती वेळ बघत होते कोण जाणे.

खुर्ची आणली. रिमोट हातात राहीना, तर आईने रुमालाने तो बोटांसकट बांधला. ‘अहो, घट्ट झाला का?’ ‘झाला तर सांगीन.’ गाणं लागलं ते ‘हू लेट द डॉग्ज आउट’. बाबांनी अर्थ विचारला, भाचीने कुत्रे कोणी सोडले वगैरे भाषांतर केलं. बाबा म्हणाले, ‘आपल्या गल्लीतल्या माणसाने लिहिलंय वाटतं.’ तीन महिन्यांत त्यांनी केलेला तो पहिला विनोद.

पहिल्या फुल्या तर पडल्याच, बऱ्याच पडल्या. मग एकदा हात ठेक्यावर पोटापाशी थोडा झटकला आणि पडद्यावर आलं, ‘गुड’.

आम्ही सगळे ओरडलो. बाबा नाही ओरडले. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी आली, पेपर तपासतानाची.

‘हे तपासतंय कोण?’

‘मशीन तपासतं बाबा.’

‘चुकीचं तपासतंय. हात अर्धाच उचलला मी. ह्याला गुड कसं काय?’ आणि मग जरा थांबून, ‘पुन्हा लाव.’

पुढचा अर्धा तास बाबांनी त्या गेमची उलटतपासणी केली. मुद्दाम हात कमी हलवून बघितला, मुद्दाम उशिरा हलवला, कुठे मार्क मिळतात, कुठे कापले जातात ते जोखलं. खरं तर त्या अर्ध्या तासात त्यांचा हात जितका हलला, तितका ऑगस्टपासून हलला नव्हता. पण ते त्यांच्या लक्षात नव्हतं, कारण ते व्यायाम करत नव्हते, पेपर तपासत होते. शेवटी निकाल दिला, ‘हे ग्रेस देतंय.’ नाराजीने दिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला म्हणाले, ‘तो रुमाल कुठाय?’

हात त्या गेममुळे बरा झाला, असं मी अजिबात म्हणणार नाही. फिजिओथेरपी चालूच होती, ती दोन वर्षं चालली. गेम रोजची वीस मिनिटं, तीही लाइट असेल तर. पण भिंतीकडे तोंड करून झोपणं बंद झालं ते तेव्हा, हे मी बघितलंय.

आता दुसरी बाजू ऐका. त्याच नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ कॅमेरा आला आणि त्याच्याबरोबर ‘डान्स सेंट्रल’ नावाचा नाचाचा गेम. ज्यांनी ‘गिटार हिरो’ आणि ‘रॉक बँड’ केले, त्या हार्मोनिक्स कंपनीचा. यात हातात रिमोटबिमोट काही नाही. कॅमेरा तुमचं अख्खं शरीर बघतो. पाय चुकला की पडद्यावरच्या नाचणाऱ्याचा पाय लाल होतो, हात चुकला की हात. एकेक स्टेप सुटी करून शिकवायची सोयही आहे. समीक्षक खूश. मेटाक्रिटिकवर ८० च्या पुढे मार्क. पवईला ऑफिसातल्या मित्राकडे मी तो खेळलो आणि मनापासून सांगतो, गेम सहीच आहे. ‘जस्ट डान्स’ त्याच्यापुढे कच्चा लिंबू.

घरी येऊन टेप काढली. किनेक्टला एका माणसासाठी सहा फूट अंतर लागतं, दोघांसाठी आठ. आमचा हॉल १० बाय १५. टीव्ही शोकेसमध्ये, त्याच्यासमोर दिवाण. दहातून शोकेसचे दीड गेले, दिवाणाचे तीन गेले, उरले साडेपाच. दिवाण बाहेर काढावा तर रात्री बाबा झोपणार कुठे? आणि समजा काढलाच, तरी तो कॅमेरा म्हणणार, उभे राहा, गुडघे वाकवा, दोन्ही हात वर. म्हणजे ८० मार्कांचा गेम आमच्या घरात अर्ध्या फुटाने नापास झाला, आणि बाबांच्या बाबतीत तर पहिल्याच गाण्यात, अंगभर लाल रंगाने. अचूक तपासणी हवीच असेल तर ती न्यूरॉलॉजिस्ट करतच होते की.

मला इथे समीक्षकांना झोडपायचं नाहीये. आपल्याकडे ही एक फॅशन आहे, पिक्चर हिट झाला की समीक्षकांना काय कळतंय म्हणायचं. त्यांना कळलं होतं. गेम ढिला आहे, हे त्यांनी बरोबर पकडलं. फक्त त्यांनी पेपर तपासला तो ‘हा गेम नाच नीट मोजतो का?’ या प्रश्नाचा. घरात प्रश्न वेगळाच होता: ‘ज्याला नाचता येत नाही, जो कधी नाचणार नाही म्हणतो, त्याला हा खुर्चीतून उठवतो का?’ किंवा न उठवता खेळवतो का? या दुसऱ्या प्रश्नाला तो ढिलेपणा म्हणजे चूक नव्हती, तेच उत्तर होतं. आंटीचा दोन टाळी, माझा लोळता नाच आणि बाबांचा पाव इंच हात, सगळे एकाच गाण्यात मावले. गेमने कोणाला बाहेर काढलं नाही. काटेकोर असता तर पहिल्या पाच मिनिटांत फक्त भाची उरली असती.

लोकांनीही दुसऱ्याच प्रश्नाला मार्क दिले म्हणायचे. ४९ वाल्या त्या पहिल्या भागाच्या ४० लाखांहून जास्त प्रती खपल्या. मग दरवर्षी नवा भाग. पुढच्या काही भागांच्या कामात आपल्या पुण्याच्या युबिसॉफ्ट स्टुडिओचाही हात होता, हे कळल्यावर आई म्हणाली, ‘म्हणूनच एवढा शिष्ट नाहीये.’ (पुणेकरांनी पत्रं पाठवू नयेत, आई मूळची सदाशिव पेठेतलीच.) अख्ख्या मालिकेचा खप आज ८ कोटींच्या पुढे गेलाय. २००६ मध्ये आलेल्या त्या ‘वी’साठी शेवटचा ‘जस्ट डान्स’ आला तो थेट २०१९ मध्ये, डबीचं उत्पादन बंद होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर. किनेक्टचं उत्पादन मात्र मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये थांबवलं. आणि २०२३ मध्ये सिंगापूरला ऑलिम्पिक समितीने ई-स्पोर्ट्सची जी मालिका भरवली, तिच्यात नाचासाठी गेम कुठला होता? आपला लाल शेरेवाला. अर्थात पुढच्या भागांची तपासणी पहिल्यापेक्षा सुधारली, समीक्षकांचे मार्कही वाढले. म्हणजे कान उपटल्याचा उपयोग झाला म्हणायचा. ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

अजून एक गोष्ट, जी मला खूप नंतर कळली आणि जिने माझी जरा जिरवली. ‘वी’ खेळून स्ट्रोकच्या पेशंटचा हात सुधारतो का, यावर कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने चार देशांत मिळून मोठा अभ्यास झाला. १४१ पेशंट. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत ‘वी’, बाकीच्यांना पत्ते, डॉमिनोज असले साधे खेळ. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त निकाल आला: सुधारले दोन्हीकडचे. ‘वी’वाले काही पुढे गेले नाहीत. वाचून आधी मी खट्टू झालो. म्हणजे आमच्या गेमची काही खास जादू नव्हती तर! मग त्या खेळांची यादी परत वाचली. पत्ते. आमच्या घरात दिवाळीला पत्त्यांचा डाव बसतोच. बाबा बसले नव्हते त्या वर्षी, कारण पत्ते हातात धरता येत नव्हते आणि चौघांसमोर पान खाली पडणं त्यांना मंजूर नव्हतं. रिमोट रुमालाने बांधता येत होता, एवढाच काय तो फरक. जादू त्या दुपारची होती, हॉलमधल्या गर्दीची. गेमने फक्त दार उघडं ठेवलं होतं.

आता बाबा पंचाहत्तरीत आहेत. हात खांद्यापर्यंत जातो, त्याच्यावर नाही. सही करतात, ती मात्र बँकेला पटत नाही. आम्ही एव्हरशाईनमध्येच, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये आलो. ‘वी’ माळ्यावर पडलाय. माझी लेक हल्ली फोनच रिमोटसारखा हातात धरून तोच खेळ खेळते, आणि दमली की फोन आजोबांच्या हातात देते. रुमाल लागत नाही.

गेल्या गणपतीत असंच चाललं होतं, तेव्हा मी बाबांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सांगितलं. ‘बाबा, तो आपला पहिला गेम होता ना, कुत्र्यांच्या गाण्याचा, त्याला जगभरच्या समीक्षकांनी शंभरपैकी ४९ दिले होते.’

बाबांनी फोन खाली ठेवला. विचार केला. गठ्ठा समोर असल्यासारखा.

‘बरोबर दिलेत,’ म्हणाले. ‘पेपर नीट तपासलाय. त्याच्या वर एक मार्क देऊ नये.’

‘नापास केलं होतं त्यांनी. लाल रंगात.’

‘नापास?’ कपाळावर आठी. ‘३५ ला पास ना?’